बर्लिनमध्ये भाड्याने कुठे राहावं? आठवडाभराची पायपीट

निघण्याआधी

बर्लिनमध्ये नोकरी ठरली की ओळखीपाळखीत पहिला प्रश्न जातो, ‘कुठला एरिया चांगला?’ दहा जण दहा नावं सांगतात आणि प्रत्येकाचं उत्तर त्याच्या स्वतःच्या ऑफिसवरून ठरलेलं असतं. या शहराला एक मध्य नाही. १९६१ ते १९८९ या काळात भिंतीच्या दोन बाजूंना दोन शहरं वेगवेगळी वाढली; पश्चिमेचा गजबजाट झू स्टेशनपाशी आणि पूर्वेचा आलेक्झांडरप्लात्सपाशी, हे आजही तसंच आहे. प्रशासकीय जिल्हे १२, पण ते इतके मोठे आहेत की ‘नॉयक्योल्नमध्ये राहतो’ यावरून काहीच कळत नाही. रात्रभर जागणारा झोनेनआले हा रस्ता आणि रुडोमधली बागवाली बैठी घरं, दोन्ही नॉयक्योल्नच. स्थानिक माणूस बोलतो ते कीत्सबद्दल. कीत्स म्हणजे पुण्यातल्या पेठेसारखा, दहा-पंधरा मिनिटांत चालून ओलांडता येईल असा, स्वतःचा चौक आणि बाजार असलेला तुकडा. म्हणून निवडीचा क्रम असा ठेवावा: आधी रेल्वेची लाइन, मग कीत्स, मग रस्ता, आणि शेवटी त्या प्लॉटमधली पुढची इमारत की मागची. जिल्ह्याचं नाव या क्रमात येतच नाही.

पाहणी नोव्हेंबर ते मार्चमध्ये झाली तर उत्तम. जुलैत बर्लिनचा कुठलाही रस्ता आवडतो. डिसेंबरात सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो, चारच्या आत मावळतो, आणि भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर असतो. कुठलं घर अंधारं आहे ते तेव्हाच दिसतं.

भारतातून थेट कायमचा करार मिळणं जवळजवळ अशक्य आहे, हेही आधीच मान्य करावं. घरमालक मागतो तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि शूफा, म्हणजे पतनोंदणीचा दाखला. नव्या माणसाकडे दोन्ही नसतात. त्यामुळे आधी दोन-तीन महिन्यांसाठी सामानासह तयार घर घ्यायचं आणि तिथे राहून शोध घ्यायचा. त्या तात्पुरत्या घराला एकच कडक अट लावावी: तिथे आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, करता आली पाहिजे. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत ती करायची असते, तिच्यासाठी घर देणाऱ्याचं लेखी पत्र लागतं, आणि नोंदणी झाल्यावरच टॅक्स आयडी घरी पोस्टाने येतो. ‘नोंदणी जमणार नाही’ असं सांगणारं घर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्यावं.

गुरुवार: रिंगबानची फेरी

तिकिटांसाठी ए, बी, सी असे तीन झोन आहेत आणि विमानतळ सगळ्यात बाहेरच्या सी झोनमध्ये येतो, त्यामुळे शहरात जायला एबीसी तिकीट लागतं. एबीचं तिकीट काढून बसलं की तपासनीस पहिल्याच दिवशी दंड करतो. महिनाभर राहायचं असेल तर डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरच्या स्थानिक गाड्यांत चालणारा मासिक पास, बरा. २०२३ च्या मे महिन्यात ते ४९ युरोंना सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं आणि पुढेही वाढलं. ते मासिक वर्गणीचं आहे. पुढच्या महिन्यात नको असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावं लागतं, नाहीतर आणखी एक महिना खात्यातून पैसे जातात.

सामान टाकलं की पहिलं काम रिंगबानमध्ये बसायचं. एस४१ घड्याळाच्या दिशेने आणि एस४२ उलट दिशेने शहराच्या मध्यभागाभोवती फिरते: ३७ किलोमीटर, २७ स्थानकं, बरोबर तासाभराची फेरी. या वर्तुळाच्या आतला भाग म्हणजे ए झोन. जाहिरातीत ‘रिंगच्या आत’ हे शब्द आले की भाडं चढतं. पण रिंगच्या आत नुसतं असून भागत नाही. रिंगवरच्या एखाद्या चांगल्या स्थानकापासून बाहेरच्या बाजूला पाच मिनिटांवर असलेलं घर, आतल्या पण स्थानकापासून पंधरा मिनिटं लांब असलेल्या घरापेक्षा कितीतरी सोयीचं. ओस्टक्रॉइत्स, झ्यूडक्रॉइत्स, वेस्टक्रॉइत्स आणि गेझुंटब्रुनेन ही चार मोठी अदलाबदलीची स्थानकं. खिडकीतून बघताना प्रत्येक स्थानकाबाहेर काय आहे ते टिपून घ्यावं: सुपरमार्केट, नुसता महामार्ग, की मालगाड्यांचं यार्ड. शहराचा महामार्ग ए१०० पश्चिमेला आणि दक्षिणेला बराच अंतर रिंगबानच्या शेजारून जातो. तिकडची घरं नकाशावर देखणी दिसतात, पण खिडकी उघडी ठेवून झोपता येत नाही.

शुक्रवार: सकाळी ऑफिस, रात्री आवाज

सकाळी आठला ऑफिसच्या दारात उभं राहून उलट हिशेब मांडायचा: इथून कुठल्या लाइनी निघतात? आडलर्सहोफच्या तंत्रज्ञान पार्कमध्ये काम असेल तर एस-बानवरची (एस-बान म्हणजे लोकल, यू-बान म्हणजे मेट्रो) बाउमशूलेनवेग, ट्रेप्टोअर पार्क, ओस्टक्रॉइत्स ही स्थानकं सोयीची. झीमेन्सश्टाटमध्ये असेल तर यू७ ही एकच लांब लाइन शार्लोटेनबुर्ग, विल्मर्सडोर्फ, शोनेबेर्ग असे तीन चांगले पर्याय देते. ग्र्युनहाइडेच्या मोटार कारखान्यात असेल तर आरई१ ही प्रादेशिक रेल्वे आणि एस३ यांच्या पट्ट्यात राहावं: ओस्टक्रॉइत्स, कार्ल्सहोर्स्ट, क्योपेनिक, फ्रीडरिश्सहागन, एर्कनर. या नोकरीवाल्याने शार्लोटेनबुर्गच्या सुंदर बाल्कनीला भुलून करार केला तर वर्षभरात पुन्हा घर शोधायची वेळ येते. आलेक्झांडरप्लात्सजवळ ऑफिस असलेल्याला यू२ वरून पांको, यू५ वरून फ्रीडरिश्सहाइन आणि लिश्टेनबेर्ग मोकळे.

दारापासून दारापर्यंत ४० मिनिटं आणि गाडी एकदाच बदलायची, ही मर्यादा ठेवावी. थंडीत फलाटावर काढलेली सहा मिनिटं नकाशात दिसत नाहीत.

एक गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही. एस-बान ही डॉइचे बान या रेल्वे कंपनीची, तर यू-बान, ट्राम आणि बस शहराच्या बीव्हीजीच्या. दोघांचे कामगार करार वेगळे, त्यामुळे संपही वेगळे. बीव्हीजीचा संप असला की एस-बान चालू असते, आणि रेल्वेचा असला की उलट. घराच्या दहा मिनिटांच्या परिघात एक एस-बान आणि एक यू-बान किंवा ट्राम असेल तर संपाच्या दिवशी घरी बसावं लागत नाही. रुळांच्या दुरुस्तीसाठी एखादी लाइन कित्येक आठवडे बंद ठेवणं हेही बर्लिनमध्ये नेहमीचंच. तेव्हाही हीच जोडी कामी येते.

रात्री अकरानंतर पुन्हा बाहेर पडायचं. शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री यू-बान रात्रभर चालते, त्यामुळे परतीची चिंता नाही. फ्रीडरिश्सहाइनमधली झिमॉन-डाख-श्ट्रासे आणि वार्शाउअर श्ट्रासे, उत्तर नॉयक्योल्नमधली वेझरश्ट्रासे हे रस्ते दुपारी अगदी गोड वाटतात. रात्री एक वाजता तिथे उभं राहिलं की कळतं. कायद्याने रात्री दहा ते सकाळी सहा शांतता आहे, पण पदपथावर उभ्या गर्दीला कायदा सांगणार कोण? या रस्त्यांवरचं घर आवडलंच तर मागच्या इमारतीतलं बघावं. किंवा दोन-तीन गल्ल्या सरकावं: यू५ च्या उत्तरेला झामारिटर कीत्समध्ये तीच जुनी घरं आहेत आणि रात्र बरीच शांत.

शनिवार: बाजाराचे चौक

शनिवारी कीत्सचे चौक माणसांनी भरतात, त्यामुळे इथे कोण राहतं ते एका नजरेत कळतं. कोलविट्सप्लात्सवरचा बाजार बघितला की प्रेंत्स्लाउअर बेर्गचा खर्च समजतो. सगळीकडे बाबागाड्या, सेंद्रिय चीज, आणि त्याला साजेसं भाडं. लहान मुलं असणाऱ्यांना हा भाग खरोखर सोयीचा आहे, पण पाळणाघरात जागा मिळवायलाही तितकीच रांग. त्यांनी यू२ किंवा एस-बानने पुढे पांकोच्या फ्लोराकीत्सपर्यंत जाऊन यावं. स्वभाव तोच, गर्दी कमी. ‘पांकोवरून विमानं फार जातात’ असं सांगणारे लोक २०२० च्या आधीचे आहेत. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात टेगल विमानतळ बंद झाला आणि पांको शांत झालं.

दुपारी बॉक्सहागनर प्लात्सचा बाजार, आणि जमल्यास शोनेबेर्गमधला विंटरफेल्टप्लात्सचा. तो बुधवारीही भरतो. परतताना एम१० ट्रामने यावं. ती वार्शाउअर श्ट्रासेपासून प्रेंत्स्लाउअर बेर्गमधून मुख्य स्थानकाकडे जाते आणि २०२३ पासून मोआबिटमधल्या टुर्मश्ट्रासेपर्यंत धावते. या वाढीव रुळांमुळे मोआबिट पूर्वेशी थेट जोडलं गेलं. जुन्या सल्ल्यांत हा बदल आलेला नाही.

रविवार

दुकानं बंद. अपवाद मुख्य स्थानक, ओस्टबानहोफ अशा मोठ्या स्थानकांतल्या सुपरमार्केटचा, आणि कोपऱ्यावरच्या श्पेटी नावाच्या छोट्या दुकानांचा. आजचा दिवस पश्चिमेसाठी: शोनेबेर्गचा आकात्सियनकीत्स, तिथून चालत फ्रीडेनाउ, मग विल्मर्सडोर्फ. रुंद रस्ते, मोठी झाडं, वयस्क शेजारी. फॅशनच्या यादीत फ्रीडेनाउचं नाव नसतं. पण एस१, यू९ आणि रिंगबान तिन्ही आवाक्यात, रात्री शांत, रोजच्या खरेदीची दुकानं पायाशी. कुटुंबासाठी आमच्या मते हा शहरातला सगळ्यात कमी लेखलेला भाग आहे. अडचण एकच: इथले भाडेकरू घर सोडत नाहीत, त्यामुळे जाहिराती थोड्या.

संध्याकाळी टेम्पलहोफर फेल्डवर. २००८ मध्ये बंद झालेल्या विमानतळाचं हे सुमारे ३०० हेक्टरांचं मैदान २०१० पासून लोकांना खुलं आहे. त्याच्या पूर्वेकडचा शिलरकीत्स याच मैदानामुळे महागला. मावळतीच्या उजेडात घरं सुरेख दिसतात. नोव्हेंबरातला मोकळ्या मैदानावरचा वारा लक्षात ठेवून मग हो म्हणावं.

सोमवार: शाळा, पाळणाघर, आणि वेडिंग

मुलं असतील तर सोमवारचा दिवस सगळ्यात महत्त्वाचा. सरकारी प्राथमिक शाळा इथे सहावीपर्यंत असते आणि ती पत्त्यावरून ठरते. प्रत्येक शाळेची हद्द आखलेली आहे. रस्त्याची एक बाजू एका शाळेत आणि समोरची बाजू दुसऱ्या शाळेत, असंही होतं. म्हणून घर बघण्याआधी त्या घरक्रमांकाची शाळा जिल्ह्याच्या वेबसाइटवर शोधावी. पाळणाघराची फी बर्लिनमध्ये २०१८ पासून नाही, जेवणाचे महिन्याला २३ युरो द्यावे लागतात. पण त्यासाठी जिल्हा कार्यालयाकडून कीटा-गुटशाइन, म्हणजे हक्काचं पत्र, घ्यावं लागतं आणि जागा आपणच शोधायची. इंग्रजीतून शिकवणाऱ्या सरकारी शाळा हव्या असतील तर विल्मर्सडोर्फमधली नेल्सन मंडेला शाळा आणि त्सेलेनडोर्फमधली जॉन एफ. केनेडी शाळा ही नावं माहीत असावीत. दोन्हीकडे जागांपेक्षा अर्ज जास्त, त्यामुळे त्यांच्या भरवशावर घर घेऊ नये.

दुपारनंतर वेडिंग आणि मोआबिट. या दोन नावांना जुनी बदनामी चिकटलेली आहे, आणि त्यामुळेच भाडं अजून शेजारच्या भागांपेक्षा खाली मिळू शकतं. मध्य शहरापासून अंतर मात्र कमी. यू६ आणि यू९ लेओपोल्डप्लात्सला एकमेकींना छेदतात. चौकात दारू आणि नशापाणी करणारे घोळके दिसतात, पण तिथून दहा मिनिटं पश्चिमेला श्प्रेंगलकीत्स हा वेगळाच भाग आहे: कालव्याच्या काठाला, तरुण कुटुंबांचा. फक्त शारिटेच्या फिर्शोव रुग्णालयाजवळ रुग्णवाहिका आणि हेलिकॉप्टर यांचा आवाज धरून चालावं. आणखी उत्तरेला आफ्रिकन क्वार्टरमध्ये १९२०-३० च्या दशकांतल्या वसाहती: कमी उंचीच्या इमारती, मधे हिरवळ, भरपूर उजेड. खोल्या लहान असतात, पण थंडीत सूर्य घरात येतो.

मंगळवार: नॉयक्योल्न आणि क्रॉइत्सबेर्ग

मंगळवार आणि शुक्रवारी मायबाखउफरवर कालव्याकाठी तुर्की बाजार भरतो. कोथिंबीर, पुदिना, मेथी, भेंडी, वांगी, सगळं जर्मन सुपरमार्केटपेक्षा स्वस्त आणि जुडीही मोठी. शाकाहारी स्वयंपाकघर चालवायचं असेल तर घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक तुर्की किंवा अरब भाजीवाला असणं ही गंभीर अट मानावी. वेडिंग, मोआबिट, क्रॉइत्सबेर्ग, उत्तर नॉयक्योल्न इथे ती सहज पुरी होते. त्सेलेनडोर्फ किंवा कार्ल्सहोर्स्टमध्ये होत नाही. डाळी, पोहे, आटा भारतीय-श्रीलंकन दुकानांतून महिन्यातून एकदा आणले तरी चालतं.

यू८ ही लाइन कोटबुसर टोर आणि हेर्मानप्लात्समधून जाते. ही दोन्ही स्थानकं, शिवाय गोर्लिट्सर पार्क, वार्शाउअर पूल आणि आलेक्झांडरप्लात्स, पोलिसांच्या जास्त गुन्हे घडणाऱ्या जागांच्या यादीत नेहमी येतात. त्यातले बहुतेक गुन्हे पाकीटमारी, सायकलचोरी आणि अमली पदार्थांचे. तरीही रात्री अकराला कामावरून एकटीने परतणाऱ्या मुलीने स्थानक ते घर हा रस्ता त्याच वेळी एकदा चालून बघावा आणि मगच ठरवावं. क्रॉइत्सबेर्गचे दोन भाग लोक अजून जुन्या टपाल क्रमांकांनी ओळखतात: ३६ म्हणजे कोटबुसर टोरकडचा गजबजलेला, ६१ म्हणजे बेर्गमानश्ट्रासेकडचा निवांत. दुसरा भाग राहायला फारच छान आणि त्याच प्रमाणात दुर्मीळ.

गणेश मंदिर हाझेनहाइडे बागेच्या कडेला, हेर्मानप्लात्सजवळ आहे. तमिळ मुरुगन मंदिर यू७ वर ब्लाश्कोआलेला, ब्रिट्समध्ये. ब्रिट्सचीच घोड्याच्या नालेच्या आकाराची हुफआइझेन वसाहत २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. तिच्या आसपासचे रस्ते शांत, भाडं मधलं, आणि यू७ एका दमात शहर ओलांडते.

बुधवार: रिंगच्या बाहेर

कार्ल्सहोर्स्ट, फ्रीडरिश्सहागन, क्योपेनिक एस३ वर. आडलर्सहोफ एस९ आणि एस४५ वर. पाणी, जंगल, मोठी घरं. दक्षिण-पूर्वेला बोन्सडोर्फ, म्युगलहाइम किंवा शहराबाहेरचं ब्लांकेनफेल्डे-मालो बघत असाल तर नव्या विमानतळाच्या उड्डाणमार्गांचा नकाशा आधी काढा. उड्डाणं रात्री १२ ते पहाटे ५ बंद असतात, म्हणजे पाच वाजता जाग येऊ शकते.

लिश्टेनबेर्गमध्ये प्लाटेनबाऊ, म्हणजे पूर्व जर्मनीच्या काळातल्या काँक्रीटच्या तयार भिंतींच्या इमारती. भारतीयांना याच जास्त पटायला हव्यात असं आमचं मत: लिफ्ट, मध्यवर्ती हीटिंग, दोन्ही बाजूंना खिडक्या, मोकळी जागा. उणं इतकंच की छत बुटकं, बाथरूमला खिडकी नाही, आणि शेजारच्याचं ड्रिल पाच मजले ऐकू येतं. यांतल्या अनेक शहराच्या सरकारी गृहकंपन्यांच्या आहेत: डेगेवो, गेवोबाग, गेझोबाऊ, होवोगे, श्टाट उंड लांड, डब्ल्यूबीएम. सहाही कंपन्यांची घरं ‘इनबर्लिनवोनेन’ या एकाच पोर्टलवर येतात. तिथे ‘डब्ल्यूबीएस आवश्यक’ लिहिलेली घरं कमी उत्पन्नाचा दाखला असणाऱ्यांसाठी असतात, त्यांना अर्ज करून वेळ घालवू नये.

गुरुवार: घरात पाऊल टाकल्यावर

जाहिरातीतला पहिला शब्द खोल्यांचा. दोन खोल्या म्हणजे आपलं वन बीएचके. स्वयंपाकघर आणि बाथरूम मोजत नाहीत. ५५ चौरस मीटर म्हणजे सुमारे ५९० चौरस फूट, आणि हे सगळं आतलं क्षेत्रफळ. काल्टमीटे हे मूळ भाडं. त्यात पाणी, जिना, कचरा, बहुधा हीटिंग मिळवलं की वार्ममीटे. उदाहरणार्थ ५५ चौरस मीटरला १५ युरो दर धरला तर काल्टमीटे ८२५, वरचे खर्च तीन युरोंनी १६५, वार्ममीटे ९९०. त्यावर वीज, इंटरनेट आणि रेडिओ-टीव्हीची सक्तीची १८.३६ युरो वर्गणी. मालक साधारण बघतो की हातात येणारा पगार भाड्याच्या तिप्पट आहे का. अनामत जास्तीत जास्त तीन काल्टमीटे, इथे २,४७५ युरो. कायद्याने ती तीन मासिक हप्त्यांत देता येते. दलालाचे पैसे २०१५ पासून ज्याने दलाल नेमला त्याने द्यायचे, म्हणजे जवळजवळ नेहमी मालकाने.

जुनी घरं, म्हणजे आल्टबाऊ, बहुतेक १९१४ च्या आधीची. पुढची रस्त्याकडची इमारत व्हीएच, मागची एचएच, दोन्हींना जोडणारी बाजू एसएफ, अशी अक्षरं जाहिरातीत असतात. १८५३ च्या बांधकाम नियमांनी चौकाची किमान मापं ५.३४ मीटर गुणिले ५.३४ ठरवली होती, आगीचा बंब वळण्यापुरती. इमारतींची उंची २२ मीटरपर्यंत. १४ अंशांवरचा हिवाळी सूर्य आणि २२ मीटरची भिंत हे गणित मांडलं की सावली ८८ मीटर पडते. म्हणजे मागच्या इमारतीत पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन नाही, खिडकी दक्षिणेला असली तरी. चौथ्या मजल्यावर ऊन येऊ शकतं, पण लिफ्ट क्वचित. डीजी म्हणजे माळ्याचा मजला. उन्हाळ्यात भट्टी, आणि इथे छताला पंखा नसतो. ‘बर्लिनर त्सिमर’ ही कोपऱ्यातली मोठी खोली फोटोत भव्य दिसते. तिला एकच खिडकी असते आणि मागच्या खोल्यांत जायचा रस्ता तिच्यातूनच. दोघा मित्रांनी मिळून घर घेताना इथेच वाजतं.

घर बघताना मापाची टेप, फोनमधला होकायंत्र आणि टॉर्च घ्यायची. बाहेरच्या भिंतींचे खालचे कोपरे आणि खिडक्यांच्या कडा टॉर्चने बघायच्या. काळे ठिपके, किंवा एकाच कोपऱ्याला ताजा रंग, म्हणजे बुरशी. जुन्या भिंतीत नव्या हवाबंद खिडक्या बसवल्या की वाफ आतच राहते आणि सगळ्यात थंड कोपऱ्यात पाणी धरतं. रोज कुकर लावणाऱ्या घरात हा त्रास दुप्पट. त्यामुळे स्वयंपाकघराला स्वतंत्र दार आणि खिडकी असलेलं घर घ्यावं. दिवाणखान्याला जोडलेल्या उघड्या स्वयंपाकघरात फोडणीचा वास कोटांना लागतो आणि ऑफिसपर्यंत जातो. ईबीके, म्हणजे आधीच बसवलेलं स्वयंपाकघर, असं लिहिलेलं नसेल तर ओटा आणि कपाटं स्वतःची आणावी लागतील किंवा आधीच्या भाडेकरूकडून विकत घ्यावी लागतील. वॉशिंग मशीनला ६० सेंटिमीटर जागा आणि नळजोडणी कुठे आहे ते मोजून घ्यावं.

गरम पाणी कशाने येतं हा प्रश्न विचारायलाच हवा. विजेवर तत्काळ तापवणारं यंत्र असेल तर पाण्याचा खर्च वार्ममीटेत नाही, तो वीजबिलात येतो. प्रत्येक घराला वेगळा गॅस बॉयलर असेल तर गॅसचा करार आपला. ऊर्जेचा दाखला घर दाखवताना पुढे ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. वर्षाला प्रति चौरस मीटर २०० किलोवॅट-तासांच्या वर आकडा असेल तर हीटिंगची पुरवणी मोठी येणार. बेडरूमच्या खिडकीखाली कचऱ्याचे डबे आहेत का, तेही वाकून बघावं.

शुक्रवार: यादी आणि करार

आता पाच कीत्सची यादी आणि प्रत्येकात नको असलेले रस्ते तयार असतात. याचा उपयोग असा की जाहिरात दिसल्यावर दहा मिनिटांत अर्ज जातो. चांगल्या जाहिराती तासाभरात काढून टाकल्या जातात. पत्ता मिळाला की शहराच्या जिओपोर्टलवर ध्वनिनकाशा, घरक्रमांक टाकून इंटरनेटचा वेग, आणि मीटश्पीगल हा अधिकृत भाडेतक्ता बघायचा. २०२४ च्या तक्त्यात सरासरी ७.२१ युरो प्रति चौरस मीटर आहे. जाहिरातींतले दर त्याच्या दुप्पट आणि वर. जुने भाडेकरू का हलत नाहीत ते या दोन आकड्यांत आलं. भाडेनियंत्रणाच्या कायद्याने नवं भाडं स्थानिक तुलनात्मक भाड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त वर नसावं. ऑक्टोबर २०१४ नंतर प्रथमच वापरात आलेली घरं त्यातून वगळली आहेत, आणि सामानासह दिलेल्या घरांत पळवाटा भरपूर. आधी करार, मग लेखी हरकत, असाच इथला रिवाज आहे. हरकतीचं पत्र भाडेकरू संघटनेचा सभासद होऊन लिहून घ्यावं.

करारात चार शब्द शोधायचे. श्टाफलमीटे: भाडं ठरलेल्या पायऱ्यांनी वाढणार. इंडेक्समीटे: महागाईच्या निर्देशांकाबरोबर वाढणार. बेफ्रिस्टेट: मुदतीचा करार. क्युंडिगुंग्सफरत्सिश्ट: ठरावीक काळ नोटीस देता येणार नाही, कमाल चार वर्षं. एरवी भाडेकरूची नोटीस तीन महिन्यांची, आणि महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोहोचली तरच तो महिना धरला जातो.

‘मी परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरिअरने येईल’ असं लिहिणारा मालक फसवा असतो, त्याला अपवाद नाही. घर बघण्याआधी पासपोर्टची प्रतही देऊ नये.

चावी घेताना वीज, गॅस, पाणी, हीटिंग यांच्या मीटरचे आकडे आणि भिंतींवरचे जुने ओरखडे लेखी नोंदवून दोघांच्या सह्या घ्यायच्या, फोटोंसह. आणि त्याच दिवशी पत्रपेटीवर व बेलवर आडनाव लावायचं. जर्मन पत्त्यात फ्लॅट क्रमांक नसतो, पोस्टमन नावावर पत्र टाकतो. नाव नसलं की बँकेचा पिन, विम्याचं कार्ड आणि टॅक्स आयडी ‘प्राप्तकर्ता सापडला नाही’ असा शेरा घेऊन परत जातात. दोघांची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लावायची.